पोपटरावांचा डबा आणि ढगातली गॅमा किरणं

आमच्या सोसायटीचं नाव 'सिंहगड व्ह्यू'. सिंहगड दिसतो, नाही असं नाही; पण त्यासाठी गच्चीच्या कोपऱ्यात जाऊन कठड्यावरून कमरेपर्यंत वाकावं लागतं. मी मूळची कोथरूडची. तिथली जागा विकून वारज्यात आले तेव्हा वाटलं होतं, आता निवांत बसू. आल्या आल्या लोकांनी मला सेक्रेटरी केलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं काम काय असणार, असा त्यांचा समज. तेव्हापासून नोटीस बोर्ड माझ्या ताब्यात आहे आणि लोक तो घाबरत वाचतात.

तिसऱ्या मजल्यावरचे पोपटराव आमच्यानंतर आले. त्यांच्या मुलाला, रोहनला, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी लागली. वर्षभरात त्याने कर्ज काढून फ्लॅट घेतला आणि आईवडिलांना बिबवेवाडीहून उचलून आणलं. टेंपोतून फ्रिज उतरला, सोफा उतरला आणि सगळ्यात शेवटी जुन्या चादरींत गुंडाळलेल्या पाच गॅसबत्त्या उतरल्या. त्या मात्र पोपटरावांनी हमालाला हात लावू दिल्या नाहीत. एकेक करून स्वतः वर नेल्या, लिफ्ट असताना जिन्याने. लिफ्ट हिसका देते म्हणाले.

पोपटराव म्हणजे बत्तीवाले. बिबवेवाडी खरोखरची वाडी होती तेव्हापासून ते लग्नाच्या वरातींना आणि गणपतीच्या मिरवणुकांना गॅसबत्त्या भाड्याने देत. बायका डोक्यावर बत्त्या घेऊन रांगेत चालायच्या आणि पोपटराव मधून, हवा कमी झालेल्या बत्तीला पंप मारत फिरायचे. मग उदारीकरण आलं. आमच्या घरी ते परदेशी चॉकलेट घेऊन आलं, पोपटरावांकडे जनरेटर घेऊन आलं. हॅलोजन आले, दिव्यांच्या गाड्या आल्या, आणि बत्त्यांना विचारेना कुणी. मी एकदा विचारलं, वाईट नाही वाटलं? तर म्हणाले, "त्यात काय वाईट? उजेड वाढलाच की."

माणसाची पारख ते उजेडावरून करत. कुणाच्या घरी गेले की आधी छताकडे बघायचे. आमच्या दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटकडे बघून "ताई, हिच्या उजेडात माणूस आजारी दिसतो" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी बल्ब लावला. हे कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांच्या धंद्याचा एक नियम होता आणि तो त्यांनी धंदा गेल्यावरही सोडला नाही. गॅसबत्तीत एक मेंटल असतं. म्हणजे रेशमी जाळीची छोटी पिशवी. ती बांधायची, पेटवायची, की जळून तिची नुसती राख उरते; पण आकार तसाच राहतो, आणि ती राखच मग लखलखीत उजेड देते. मात्र जरा धक्का लागला, वारा आला, की खलास. भर वरातीत मेंटल फुटलं तर नवरदेव अंधारात. म्हणून सुट्या मेंटलचा डबा बरोबर असल्याशिवाय बत्ती उचलायची नाही. पोपटरावांचा डबा बिस्किटांचा होता, पत्र्याचा, चौकोनी. दुकान बंद झालं तेव्हाचा सगळा जुना माल त्यात ठासून भरलेला.

वारज्यात त्यांचे दिवस पुन्हा फिरले, कारण आमच्या भागात उन्हाळ्यात वळीव आला रे आला की वीज जायची. ढग गडगडले की पोपटरावांच्या चेहऱ्यावर तरतरी यायची. जिन्यात एक बत्ती, पार्किंगमध्ये एक, लिफ्टपाशी एक. पोरं त्या उजेडात पत्ते खेळायची. मालनबाई, त्यांच्या मंडळी, मला म्हणायच्या, "लाइट गेली की आमच्या ह्यांना पाहुणे आल्यागत होतं."

अशात एका मार्च महिन्यात कल्याणी आली. कल्याणी गजभिये, नागपूरची. वडील तिकडे पोस्टात. ही इथे एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती आणि पाचव्या मजल्यावर दोन आयटीतल्या मुलींबरोबर भाड्याने राहत होती. तिला गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत एक यंत्र ठेवायचं होतं, म्हणून मी सभा बोलावली. पाण्याच्या टाकीच्या सभेला सातजण आले होते. या सभेला सगळे आले.

कल्याणीने सोपं करून सांगितलं. नव्वदच्या दशकात एक उपग्रह दूरच्या ताऱ्यांकडून येणारी गॅमा किरणं बघायला वर सोडला होता. त्याला काही चमका चक्क खालून, पृथ्वीकडून आल्या. शोधल्यावर कळलं, त्या वादळी ढगांतून येतात. ढगात विजेचा एवढा जोर साठतो, की त्यातले इलेक्ट्रॉन भन्नाट वेगाने सुटतात, हवेवर आपटतात, आणि त्यातून गॅमा किरणं निघतात. वीज कडाडते त्याच सुमारास. डोळ्याला दिसत नाहीत, आणि पापणी लवायच्या आत संपतातही. कधी कधी मात्र ढग काही वेळ मंद तेवत राहतो आणि वीज पडली की एकदम विझतो.

"ते तेवणं मला जमिनीवरून पकडायचं आहे," ती म्हणाली.

सभासदांनी प्रश्न विचारले. गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या की नाही? केबल टीव्हीला त्रास होईल का? एका गृहस्थांनी यंत्रामुळे वीज आपल्याच इमारतीवर पडेल का, असं विचारलं. ते यंत्र फक्त मोजतं, बोलावत नाही, असं ती म्हणाली. मला ती मुलगी तिथेच आवडली.

पोपटराव शेवटच्या खुर्चीवर होते. ते उठून म्हणाले, "म्हंजे ढगात बत्ती हाय, पर उजेड दिसत न्हाय. आसंच ना?"

"अगदी असंच काका," कल्याणी म्हणाली.

"ठेवा मग यंत्र," पोपटराव म्हणाले आणि बसले. ठराव मंजूर झाला.

यंत्र म्हणजे दुधाच्या क्रेटएवढी पेटी. वीज गेली तरी बॅटरीवर चालायची आणि किती किरणं आली ते आपलं आपण साठवून ठेवायची. कल्याणी बहुतेक संध्याकाळी संस्थेत अडकलेली असायची. म्हणून तिने पोपटरावांना एवढंच सांगितलं होतं की काका, पाऊस आला तर खोलीचं दार लावून घ्याल का? पोपटरावांनी ते काम एखाद्या मानाच्या बत्तीसारखं उचललं. मी त्यांना किती वेळा बजावलं, विजा होत असताना वर जाऊ नका. खोलीला छप्पर आहे म्हणायचे आणि जायचे.

तो उन्हाळा कल्याणीचा फार आनंदात गेला. वळीव येऊन गेला की दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन धावत माझ्याकडे यायची. "मावशी, बघा ना, चढून राहिला!" आलेखातली रेघ सरळ चालत असायची, वादळ आलं की पायरी चढल्यासारखी वर जायची आणि वरच राहायची. एक सोडून प्रत्येक वादळात तसंच. फक्त एक गोष्ट तिला खुपायची. वीज पडल्यावर ते तेवणं विझायला हवं होतं. इथे ते वादळ ओसरल्यावरही तासभर टिकायचं. पावसाबरोबर हवेतलं थोडं किरणोत्सारी काही खाली येतं, त्याचा परिणाम असेल, असं तिचे सर म्हणाले. सर खूश होते. बंगळुरूच्या परिषदेत तिने ते मांडायचं ठरलं. तिने नागपूरहून संत्रा बर्फी मागवली आणि पहिला तुकडा पोपटरावांच्या हातावर ठेवला.

पुढच्या वर्षी एप्रिलमधला एक गुरुवार. दुरुस्तीसाठी सकाळीच गेलेली वीज संध्याकाळी अंधार पडला तरी आली नव्हती. आभाळ निरभ्र. ढगाचा एक पुंजका नाही. शुक्रवारी सकाळी कल्याणी माझ्या दारात उभी, चेहरा उतरलेला.

"मावशी, काल संध्याकाळी रेघ चढली. ढग नव्हता, काही नव्हतं. काल वर कोण गेलं होतं?"

मला कुठलं माहीत असणार? पण पोपटराव दूध घेऊन नेमके तेव्हाच येत होते. त्यांनी ऐकलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "मी व्हतो की. लाइट गेली की मी हायेच वर. मागल्या साली एकदाच चुकलो, मालनला ताप व्हता तवा. येवढं मोलाचं यंत्र अंधारात कसं ठेवायचं? बत्ती टांगतो, लाइट आली की काढतो."

 कल्याणीला ती बत्ती माहीत होती. तिच्या उजेडात तिने मालनबाईंच्या हातची कांदाभजी खाल्ली होती. तिने विचारलं, "काका, बत्तीबरोबर अजून काही नेता का?"

"डबा. डब्याबिगर बत्ती हालत न्हाय. फरशी वली आसती, म्हणून तुझ्या पेटीवर ठेवतो."

तिने तो डबा पाहिला होता. आत खिळे असतील असं तिला वाटायचं.

आम्ही तिघं गच्चीवर गेलो. कल्याणीने लॅपटॉप जोडला. रेघ सरळ चालली होती. ती म्हणाली, "काका, ठेवा डबा." पोपटरावांनी नेहमीच्या जागी ठेवला आणि रेघ पायरी चढली. "उचला." उतरली. "ठेवा." चढली.

पोपटराव आधी खूश झाले. "ताई, बघा, आपल्या डब्यात बी हाय!" मग त्यांनी कल्याणीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

तिनेच समजावलं. मेंटलचा उजेड लखलखीत यावा म्हणून त्या जाळीत थोरियम नावाचं एक द्रव्य घालत. ते जरासं किरणोत्सारी असतं. एखादं मेंटल म्हणजे फार काही नाही. डबाभर जुना माल आणि तोही थेट यंत्राच्या डोक्यावर, म्हणजे भरपूर. वादळ आलं की वीज जाणार, वीज गेली की पोपटराव येणार, पोपटराव आले की डबा येणार. वर्षभर तिने ढगांचं म्हणून जे मोजलं होतं, ते बिबवेवाडीच्या बंद दुकानाचं होतं.

"चूक माझी आहे काका," ती म्हणाली. "मी वर बघून राहिले होते. बाजूला बघायचं राहूनच गेलं."

पोपटरावांनी डबा छातीशी धरला, मग काहीतरी आठवून लांब धरला. "मला काय व्हईल का?"

"राख तोंडाने फुंकू नका, हात धुवा, आणि डबा उशाशी घेऊन झोपू नका. बस."

त्यांनी मान डोलावली. डबा उशाशीच असायचा, हे मालनबाईंनी मला नंतर सांगितलं.

कल्याणीने सरांना त्याच दिवशी खरं सांगितलं. परिषदेतला निबंध मागे घेतला. सर रागावले नाहीत, पण यंत्राची मुदत मे महिन्याअखेरपर्यंतच होती. तोवर एकतरी खरी नोंद मिळाली तर विषय टिकणार. नाहीतर दोन वर्षं पाण्यात आणि पुन्हा नव्याने सुरुवात. ती हे मला अगदी साध्या आवाजात सांगत होती, आणि मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

पोपटरावांनी पाचही बत्त्या माळ्यावर टाकल्या. वीज गेली तरी खाली येईनात. जिन्यात माणसं ठेचकाळायला लागली. मालनबाई वैतागून म्हणाल्या, "एवढी वर्षं अंगाला रॉकेलचा वास मारतोय म्हणून मी भांडले. आता वास न्हाय तर मला करमंना."

शेवटी कल्याणीच त्यांच्या घरी गेली. मी बरोबर होते, कारण अशा वेळी सेक्रेटरीने असावं लागतं. ती म्हणाली, "काका, मला तुमचा डबा पाहिजे."

"फेकून देऊ?"

"फेकू नका ना बाप्पा. यंत्र नीट चालतं की नाही ते तपासायला असंच काहीतरी लागतं. दर सोमवारी सकाळी तुम्ही डबा घेऊन वर यायचं. ठेवायचा, रेघ चढली की उचलायचा, आणि खाली न्यायचा. बत्त्या खुशाल लावा, पण तळमजल्यावर. पाच मजले खाली असलं की यंत्राला काही कळत नाही."

पोपटरावांनी सोमवारसाठी इस्त्रीचा शर्ट काढला. दर सोमवारी आंघोळ करून, टोपी घालून, डबा दोन्ही हातांत धरून ते गच्चीवर जायचे. नोटीस बोर्डावर मी लिहिलं, 'सोमवारी सकाळी पोपटरावांना जिन्यात अडवून गप्पा मारू नयेत. ते कामावर असतात.' पण बत्त्या काही माळ्यावरून उतरल्या नाहीत.

आणि वळीवही येईना. एप्रिल कोरडा गेला. मे उजाडला तो बुद्धपौर्णिमेच्या तोंडावर. पौर्णिमेच्या दिवशी कल्याणीने खीर केली. दुपारी ती वाटून झाली आणि चारच्या सुमारास सिंहगडाच्या बाजूने आभाळ काळंनिळं होत आलं. साडेपाचला दिवेलागणीसारखा अंधार झाला. कल्याणी लॅपटॉप घेऊन पाचव्या मजल्याच्या जिन्यात बसली. यंत्राची वायर तिथपर्यंत आणलेली होती. पहिली वीज चमकली आणि दिवे गेले.

मी तळमजल्यावर राहते. दार उघडून बघते तर पोपटराव जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसलेले. एक बत्ती माळ्यावरून काढून आणलेली, पुसलेली, रॉकेल भरलेलं. शेजारी ठेवलेली. आणि मांडीवर डबा, त्यावर दोन्ही हात.

"आणलीत ना? मग पेटवा की," मी म्हटलं.

"न्हाय."

"तळमजल्यावर चालते असं तिनेच सांगितलंय."

"ती सांगंल. भिडस्त पोर हाय."

वरून लोक ओरडायला लागले. अहो पोपटराव, बत्ती लावा, पोरगं पडेल. अहो सेक्रेटरी, झोपलात का? मी वर तोंड करून सांगितलं की आज अंधारच आहे, ज्याला पडायचं असेल त्याने सावकाश पडावं. मग घरातून एक मेणबत्ती आणून लावली. पोपटरावांनी तिच्याकडे संशयाने पाहिलं. "हिच्यात काय नसतं ना?"

"मेण असतं," मी म्हटलं.

ते जरा बाजूला सरकलेच. बाहेर गारा पडत होत्या. दर कडाडण्याला पोपटरावांची बोटं डब्यावर आवळत होती. आयुष्यभर लोकांच्या अंधारात उजेड घेऊन धावलेला माणूस, आणि आज हाताशी बत्ती असून काळोखात बसला होता. मला राहवेना. मीही त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एक वीज अशी पडली की खिडक्यांची तावदानं थरथरली.

थोड्या वेळाने माझा मोबाइल वाजला. कल्याणी.

"मावशी, काकांचा डबा कुठे आहे?"

"त्यांच्या मांडीवर. तळमजल्यावर. मी शेजारीच बसलेय."

"मघाशी चार पायऱ्या तरी वर आणला होता का? खरं सांगा."

"दिवे गेल्यापासून मी बघतेय. हा माणूस हललेला नाही. बत्तीसुद्धा लावलेली नाही त्यांनी."

 ती म्हणाली, "मावशी, रेघ चढली होती. हळूहळू चढत गेली, आणि आत्ता ती मोठी वीज पडली ना, त्या क्षणी एकदम खाली आली. एकदम. विझल्यासारखी."  ती रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. मला स्वतःचंही कळेना. "सरांना दाखवायचं आहे अजून. दहा वेळा तपासायचं आहे. पण काकांना सांगा, आता पेटवा."

मी सांगितलं. पोपटरावांनी टोपी काढून डोळे पुसले, टोपी घातली आणि बत्ती तापवायला स्पिरिट ओतलं. घाईत पहिलं मेंटल फुटलं. त्यांनी डब्यातून दुसरं काढलं, बांधलं, पंप मारला. बत्ती फुरफुरली आणि आमचा सगळा जिना उजळला. वरून पोरांनी आरडाओरडा केला.

बत्ती घेऊन ते निघाले. दोन पायऱ्या चढले, थांबले, परत आले आणि डबा माझ्या हातात दिला.

"धरा ताई. हा वर न्यायचा न्हाय."

"आणि वाटेत मेंटल फुटलं तर?"

"फुटू द्यायचं न्हाय."

पन्नास वर्षांत पहिल्यांदा त्यांची बत्ती सुट्या मेंटलशिवाय निघाली. मी डबा पोटाशी धरून खालून बघत राहिले. म्हातारा एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, बत्तीला जरासाही धक्का न लावता, वर चढत होता, आणि उजेड एकेक मजला वर सरकत होता. चौथ्या मजल्यावर तो थांबला. तिथून पोपटरावांचा आवाज आला.

"कल्याणी, मी काय आता याच्या वर येत न्हाय. तूच खाली ये, पोरी."